फार्महाउसच्या टाकीतली स्कूटर आणि मालवणचा समुद्र

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात ठाकुरवाडी नावाच्या वाड्या इतक्या आहेत, की पत्ता सांगताना शेजारच्या गावाचं नाव जोडल्याशिवाय भागत नाही. यांतल्या बऱ्याच वाड्यांना आता फार्महाउसांचा शेजार आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात, आणि आठवडाभर त्या बंगल्यांची झाडलोट, बागकाम नि तरणतलावाची साफसफाई वाडीतली पोरं करतात. तरणतलावाला ती 'टाकी' म्हणतात. अशाच एका टाकीच्या कडेला गेल्या उन्हाळ्यात मी बसलो होतो. पाहुण्यांनी एक यंत्र आणलं होतं. दोन मुठी, दोन जाळीदार पंखे, मधे बॅटरी. दोन्ही मुठींवरची बटणं दाबली की ते माणसाला पाण्यातून ओढत न्यायचं. जेवणाच्या वेळी टाकी रिकामी झाली, तेव्हा तिची देखभाल करणाऱ्या पोरानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि मला विचारलं, "दादा, समुद्रात चालंल का ह्यो?"

हा मुलगा पेज नदीच्या डोहात पोहायला शिकलेला. मी तारकर्लीला स्कुबा शिकलो, हे त्याला माहीत होतं. त्या दिवशी मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि ते अपुरं होतं. स्कूटर घ्यायच्या विचारात असलेली मंडळी आता मला तेच विचारू लागली आहेत, म्हणून ते उत्तर इथे सविस्तर देतो.

पाण्याखालची स्कूटर म्हणजे बंद डब्यातल्या बॅटरी-मोटरवर चालणारा पंखा. तो पाणी मागे ढकलतो आणि आपण पुढे जातो. कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या नौदलानं दोघा पाणबुड्यांनी स्वार होऊन चालवायचं एक वाहन बनवलं. त्याच्या अधिकृत इटालियन नावाचा अर्थ 'संथ चालीचा टॉर्पेडो'. सैनिक त्याला 'मायाले', म्हणजे डुक्कर, म्हणत. डिसेंबर १९४१ मध्ये अशा तीन वाहनांवरून सहा जण इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात शिरले आणि 'क्वीन एलिझाबेथ' व 'व्हॅलियंट' या दोन ब्रिटिश युद्धनौका त्यांनी निकामी केल्या. त्या वाहनाचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच होता. आजच्या लहान स्कूटरचा वेगही फारसा वेगळा नाही, आणि तो वाढवण्याच्या मागे लागू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याचं कारण पाण्यातच आहे.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. त्यात वेग दुप्पट केला, की अडथळा चौपट होतो आणि त्याला लागणारी शक्ती आठपट. म्हणजे सावकाश चालवली तर तासभर पुरणारी बॅटरी पूर्ण वेगात काही मिनिटांत संपते. खोक्यावर सर्वांत जास्त वेग आणि सर्वांत जास्त वेळ असे दोन आकडे शेजारी छापलेले असतात. ते दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. शिवाय छापील वेग बहुधा अंगावर काहीच नसलेल्या पोहणाऱ्याचा असतो. पाठीवर सिलिंडर, अंगात हवेचं जॅकेट, लोंबणाऱ्या नळ्या, असा सगळा संसार घेऊन निघालेला स्कुबावाला तितक्या वेगानं कधीच जात नाही. पायातल्या फिननं आपण सेकंदाला साधारण अर्धा मीटर जातो. स्कूटरनं एक मीटर गेलो तरी भरपूर झालं.

खरेदी करताना पहिला प्रश्न खोलीचा. बाजारात याच नावानं विकली जाणारी काही यंत्रं पाच-दहा मीटरपुरतीच असतात, म्हणजे ती तरणतलावाची आणि उथळ किनाऱ्याची खेळणी. सब्लूची 'व्हाइटशार्क मिक्स' यासारखी दोन पंख्यांची यंत्रं ४० मीटरपर्यंत चालतात असं बनवणारे सांगतात, आणि हौशी डायव्हिंगची मर्यादाही तेवढीच आहे. वाडीतल्या त्या पोराला ही गोष्ट पटेना. बोअरवेलची सबमर्सिबल मोटर शंभर-शंभर मीटर खाली वर्षानुवर्षं चालते, मग एवढ्याशा यंत्राचे हे नखरे कशाला? प्रश्न अगदी बरोबर होता. बोअरच्या मोटरच्या पोटात पाणी किंवा तेल भरलेलं असतं. ते दाबलं जात नाही, त्यामुळे बाहेरचा आणि आतला दाब सारखा राहतो. स्कूटरच्या पोटात हवा असते. दर दहा मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब वाढतो. दहा सेंटिमीटर लांब-रुंद झाकण धरलं, तर दहा मीटर खोलीवर त्यावर शंभर किलोचा भार येतो आणि चाळीस मीटरवर चारशे किलोचा. हा सगळा भार पेलून पाणी आत येऊ न देण्याचं काम एका रबरी कड्याकडे, ओ-रिंगकडे, असतं. त्या कड्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी खारं पाणी आत येतं. माझ्या एका यंत्रात असंच पाणी शिरलं. घाईघाईत झाकण लावताना मी कडं पुसलं नव्हतं. म्हणून आपण जेवढं खोल जाणार, त्याच्या निदान दीडपट खोलीसाठी बनवलेली स्कूटर घ्यावी, आणि जादा ओ-रिंगा व सिलिकॉन ग्रीस पहिल्याच दिवशी सोबत घ्यावं.

आता आपल्या किनाऱ्याचं पाहू. महाराष्ट्रात स्कुबा म्हटलं की मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा उथळ खडक, १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य, तारकर्लीची पर्यटन महामंडळाची स्कुबा संस्था. पर्यटक जी डुबकी घेतात ती काही मीटर खोलीचीच असते आणि गाइड सिलिंडरला धरून त्यांना सोबत नेतो. त्या एका डुबकीच्या आनंदात स्कूटर मागवणारे लोक मी पाहिले आहेत. माझं सांगणं स्पष्ट आहे: त्या डुबकीत डायव्हिंग गाइडनं केलेलं असतं, आपण फक्त श्वास घेतलेला असतो. निदान ओपन वॉटर हे स्कुबाचं प्राथमिक प्रमाणपत्र, आणि त्यानंतर स्वतःच्या बळावर पंचवीस-तीस डाइव्ह झाल्याशिवाय स्कूटर घेऊ नये.

मालवणच्या पाण्याचा दुसरा गुण म्हणजे गढूळपणा. खाड्यांचा गाळ, सूक्ष्म जीव आणि भरती-ओहोटी यांमुळे कधी चांगलं दिसतं, तर कधी हात लांब केला की बोटं धूसर होतात. अशा पाण्यात सेकंदाला दीड मीटरनं जाणारा माणूस समोरचा खडक दिसेपर्यंत त्यावर आदळलेला असतो. त्याहून मोठं भय मासेमारीच्या जाळ्यांचं. तुटून खडकात अडकलेली जाळी आणि गळाच्या नायलॉन दोऱ्या पाण्यात जवळजवळ दिसतच नाहीत. पंखा त्या ओढून घेतो आणि गुंडाळतो. म्हणून पंख्याभोवतीची जाळी बारीक आहे का आणि ती हत्याराशिवाय उघडून पंखा मोकळा करता येतो का, हे दुकानात हातानं करून पाहावं. सोबत लहान सुरी किंवा दोरी कापायचं हत्यार एका हातानं काढता येईल अशा जागी हवंच.

याच कारणासाठी बटण महत्त्वाचं. बोट उचललं की यंत्र त्याच क्षणी थांबलं पाहिजे. वेग ठरवून बटण सोडून द्यायची सोय काही यंत्रांत असते. नवख्यानं ती बंदच ठेवावी. बटण वाळूनं अडकलं आणि पंखा थांबेना, तर काय करायचं? बॅटरीचा खटका पाण्याखाली बंद करता येतो का? हा प्रश्न विक्रेत्याला विचारा आणि उत्तर तोंडी न घेता प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.

मुठी धरून चालवायची दोन पंख्यांची लहान स्कूटर चांगली, की पुढून ओढणारी लांबट? लहान स्कूटर तीन-चार किलोची असते आणि पाठपिशवीत मावते, पण ती दोन्ही हात अडकवते आणि सगळा ताण खांद्यांवर आणते. कान मोकळे करायला नाक चिमटायचं, जॅकेटमधली हवा सोडायची, खोली-वेळ दाखवणारा डाइव्ह कंप्युटर पाहायचा: ही सगळी कामं हातांचीच. लांबट प्रकारात स्कूटर एका दोरीनं कमरेच्या पट्ट्याला जोडलेली असते, ओढ शरीराला बसते आणि एक हात मोकळा राहतो. इटलीची सुएक्स, पोलंडची सीक्राफ्ट, जर्मनीची बोनेक्स ही या प्रकारातली नावाजलेली घराणी. अमेरिकेच्या डाइव्ह एक्स्ट्राजची 'ब्लॅकटिप' ड्रिल मशिनच्या बॅटरीवर चालते. हार्डवेअरच्या दुकानात मिळते तशीच बॅटरी यात लागते, आणि सुटे भाग मिळवताना जीव जातो अशा आपल्याकडे हा फार मोठा गुण आहे. मालवणला किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला वर्षातून दोनदा जाणाऱ्यानं लहान यंत्र घेतलं तर मी हरकत घेणार नाही. ज्याला नियमित डायव्हिंग करायचं आहे, त्यानं थोडं थांबून, पैसे साठवून दुसरा प्रकार घ्यावा.

आता त्या पोराच्या प्रश्नाचं खरं उत्तर. टाकीत जे नीट चाललं, ते समुद्रात तसंच चालत नाही. गोड्या पाण्याचं एक लिटर एक किलोचं, समुद्राचं सुमारे पंचवीस ग्रॅम जास्त. बारा लिटर जागा व्यापणारी स्कूटर फार्महाउसच्या टाकीत ना बुडणारी ना तरंगणारी अशी बेतून घेतली, तर समुद्रात ती सुमारे तीनशे ग्रॅमच्या जोरानं वर येऊ पाहते. आपलं शरीर आणि साहित्य मिळून शंभर लिटरचं धरलं, तर आपल्यालाही अडीच किलो शिसं जास्त बांधावं लागतं. सतत वर ओढणारी स्कूटर मनगट दुखवते आणि नकळत आपल्याला वर नेते. लहान यंत्राला तरंगण्यासाठी लावलेला फोमचा तुकडा वरवर पोहताना कामाचा आहे. सिलिंडर लावून खाली जाताना तो काढून ठेवावा. खाऱ्या पाण्यात अगदी किंचित जड, आणि पट्ट्याला अडकवलेली, अशी स्कूटर मला सर्वांत सुरक्षित वाटते. हा तोल समुद्रातच, दोन-तीन मीटर पाण्यात, लहान वजनं चिकटवून साधायचा.

यापुढचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. सेकंदाला १.२ मीटर जाणाऱ्या स्कूटरचं तोंड वर केलं, तर ती मिनिटाला ७२ मीटर या गतीनं आपल्याला वर आणते. बहुतेक डाइव्ह कंप्युटर मिनिटाला दहा मीटरच्या आसपासच इशारा देऊ लागतात. दहा मीटर खोलीवर फुप्फुसात जेवढी हवा असते, ती पृष्ठभागावर येईतो आकारानं दुप्पट होते. तेवढं अंतर स्कूटर आठ-नऊ सेकंदांत कापते. त्यात कोणी घाबरून श्वास रोखला, तर फुप्फुस फाटू शकतं. सिलिंडरमधली हवा घेतलेल्या माणसाला अगदी दीड-दोन मीटरवरूनही ही इजा होऊ शकते, म्हणून टाकी उथळ आहे या विचारानं कोणी निर्धास्त राहू नये. खाली जातानाही हाच धोका उलट्या बाजूनं असतो: कान मोकळे व्हायच्या आत यंत्र दोन मीटर खाली घेऊन गेलेलं असतं. नियम एकच. स्कूटर आडवं जाण्यासाठी आहे. खाली जाणं आणि वर येणं आपल्या फिननं, आपल्या श्वासानं, दोरीच्या किंवा उताराच्या सोबतीनं करायचं आणि त्या वेळी बोट बटणावर ठेवायचं नाही. वर येतानाचा, पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सुरक्षा-थांबाही स्कूटर अडकवून ठेवूनच घ्यायचा.

दुसरा हिशोब हवेचा. तो मी प्रत्येकाला कागदावर करायला लावतो. बारा लिटरचं सिलिंडर २०० बार दाबानं भरलं, की त्यात २४०० लिटर हवा असते. वर आपण मिनिटाला वीस लिटर घेतो असं धरलं, तर दहा मीटर खोलीवर चाळीस लिटर लागते. स्कूटरवरून सेकंदाला एक मीटरनं दहा मिनिटं गेलो, तर नावेपासून सहाशे मीटर दूर पोचलो आणि ४०० लिटर, म्हणजे ३३ बार हवा गेली. आता स्कूटर बंद पडली असं समजा. फिननं अर्ध्या मीटरच्या चालीनं परतायला वीस मिनिटं, ८०० लिटर, ६७ बार. शेवटचे ५० बार राखीव. बेरीज दीडशे, म्हणजे जमलं असं वाटतं. पण बंद पडलेली स्कूटर ओढत, थोड्या उलट्या प्रवाहात, मनात भीती घेऊन परतणारा माणूस अर्ध्या मीटरच्या चालीनं जात नाही आणि चाळीस लिटरवर भागवतही नाही. पंचवीस मिनिटं आणि मिनिटाला साठ लिटर धरून पाहा. १५०० लिटर, म्हणजे १२५ बार. बेरीज २०८. सिलिंडरमध्ये होते २००.

म्हणून परतीचं अंतर बॅटरीवर ठरत नाही. फिननं, अडचणीत, जेवढं परत येता येईल तेवढंच दूर जायचं. अशा वेळी पृष्ठभागावर येऊन नावेची वाट पाहता येते हे खरं, पण त्यासाठी फुगवायचा नारिंगी मार्कर बॉय आणि शिट्टी सोबत हवी, आणि आपण कुठे निघालो हे नावाड्याला आधी सांगितलेलं हवं. जोडीदाराकडे स्कूटर नसेल, तर आपलीही नावेतच ठेवावी. स्कूटरवाला आणि फिनवाला ही जोडी पाच मिनिटांत तुटते.

खोल जाऊ इच्छिणाऱ्यांच्या तोंडी हल्ली दोन नावं असतात. एक, विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटर भर समुद्रात असलेला, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा बुडीत पठारभाग. त्याचा माथाच वीस मीटरहून खाली आहे आणि भोवती खुला समुद्र. तिथे हौशी स्कूटरचं काम नाही. दुसरं, जानेवारी २०२४ मध्ये नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेलं 'गुलदार' हे जहाज. सिंधुदुर्गात निवतीजवळ त्याचं पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ करण्याची योजना आखली गेली. अशा जहाजाभोवती संथपणे एक फेरी मारायला स्कूटरइतकं सुंदर साधन नाही. पण जहाजाच्या आत ती नेऊ नये. पंख्याच्या एका झोतानं आतला गाळ उठतो आणि दार दिसेनासं होतं. मालवणच्या प्रवाळालाही हीच काळजी लागते. तळापासून निदान दोन मीटर वरून जावं, नाहीतर आपल्यामागे उठलेली माती त्या जिवांवर बसते.

बॅटरीबद्दल थोडं. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी ९० वॉट-तासांची. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी केबिनच्या सामानात चालते, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, त्यावरची प्रवासी विमानात नेताच येत नाही. अंदमानला जायचा विचार असेल, तर हा आकडा खरेदीच्या आधी पाहा. कर्जतकरांना मालवणसाठी पनवेलहून कोकण रेल्वेनं कुडाळ गाठणं सोपं. गाडीत बॅटरी काढून, टोकं झाकून न्यावी. चार्जिंग रात्री झोपताना कधीही लावू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात 'कन्सेप्शन' या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि खाली झोपलेले ३४ जण गेले. ठिणगी नेमकी कुठून आली हे तपासात ठरू शकलं नाही, पण बॅटऱ्या चार्ज करण्याच्या जागेवर संशयाचं बोट होतं. आपल्या पावसाळ्यात स्कूटर चार महिने पडून राहते. ती गोड्या पाण्यात बुडवून, धुऊन, सुकवून, झाकण सैल ठेवून, बॅटरी अर्धी भरलेली अशी कोरड्या डब्यात ठेवावी.

एक गोष्ट मात्र आमच्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्याविषयी. ही यंत्रं घेऊन कोणी धरणांकडे किंवा नदीकडे वळू नये. मोरबे धरण नवी मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचं आहे. बाकीच्या धरणांच्या तळाशी बुडालेली झाडं, जुनी जाळी आणि पाणी खेचणारी तोंडं आहेत. पेज नदीला भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी येतं, त्यामुळे डोहातली ओढ बघता बघता बदलते. ही ओढ वाडीतल्या पोरांना कळते, पाहुण्यांना कळत नाही, आणि दर पावसाळ्यात कर्जत-खालापुरात त्याची किंमत मोजली जाते. स्कूटर म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. ती बुडणाऱ्याला तारत नाही.

त्या मुलानं नंतर टाकीत यंत्र चालवून पाहिलं, पाहुण्यांनीच आग्रह केला. दोन फेऱ्यांनंतर त्यानं ते काठावर ठेवलं आणि नुसताच पाण्यात उतरला. तळापासून हातभर वर, न हलता, बराच वेळ तो तसाच राहिला. स्कुबात सर्वांत आधी येणं गरजेचं असतं ते हेच, आणि त्याला ते डोहानं शिकवलेलं होतं. तुम्ही स्कूटर घेणार असाल, तर आधी तेवढं करून पाहा. पूर्ण साहित्य लावून, मालवणच्या पाच मीटर पाण्यात, फिन न हलवता पाच मिनिटं एका जागी थांबा. थांबता आलं, तर स्कूटर घ्या. नाही आलं, तर तेच पैसे आधी प्रशिक्षणाला लावा.